पती-पत्नी, खासगीपणा आणि न्यायालयातील पुरावा

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव पोलादामुळे सर्वपरिचित आहे. सोव्हिएत रशियाच्या साह्याने उभारलेल्या तेथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या अनेक प्रांतांतून, विदर्भातूनही, माणसे कामासाठी तेथे आली आणि तेथेच त्यांचे संसार उभे राहिले. भिलाईला लागूनच दुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. या जोडशहरातील एखाद्या संसाराला तडा गेला, तर त्याचा दावा दुर्गच्या कुटुंब न्यायालयात लागतो. १९५६ पर्यंत या भागातील पक्षकारांना वरच्या दादेसाठी नागपूरच्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. आज त्यांची अपिले बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालयापुढे चालतात. दुर्गमधील अशाच एका दाव्यातून पती-पत्नींच्या खासगीपणाविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय निघाला असून, त्याची वार्ता जुलै २०२५ मध्ये देशभर पसरली.

दावा घटस्फोटाचा होता आणि तो पतीने लावला होता. पत्नी क्रूरतेने वागते, असा त्याचा आक्षेप होता. दावा चालू असताना त्याने पत्नीच्या दूरध्वनीचा तपशील, म्हणजे तिने कोणाशी, केव्हा आणि किती वेळ संभाषण केले याची नोंद, पोलिसांकडे मागितली. पुढे न्यायालयानेच ती मागवावी, असा अर्ज केला. कुटुंब न्यायालयाने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राकेश मोहन पांडे यांनीही तो फेटाळणेच योग्य ठरविले. विवाह झाला म्हणून पतीला पत्नीच्या खासगी माहितीवर, तिच्या पत्रव्यवहारावर आणि वैयक्तिक वस्तूंवर आपोआप अधिकार प्राप्त होत नाही. फोनचा किंवा बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द सांगण्यास तो तिला भाग पाडू शकत नाही. तसे करणे खासगीपणाचा भंग ठरेल आणि प्रसंगी कौटुंबिक हिंसाचारही ठरू शकेल, असे त्यांनी म्हटले.

याच महिन्याच्या १४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात जो निर्णय दिला, तो वरवर पाहता अगदी उलट वाटतो. पंजाबातील भटिंड्याच्या या दाव्यात पतीने पत्नीशी झालेली आपली संभाषणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. घटस्फोटाच्या दाव्यात तो पुरावा दाखल करण्यास कुटुंब न्यायालयाने परवानगी दिली होती. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती रद्द केली होती. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना व न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारला आणि असे ध्वनिमुद्रण पुराव्यात घेता येईल, असे ठरविले.

एकीकडे पत्नीच्या फोनची यादीसुद्धा मिळणार नाही म्हणावयाचे आणि दुसरीकडे तिचे चोरून टिपलेले शब्द न्यायालयात ऐकावयाचे, यात संगती कोणती, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणे स्वाभाविक आहे. ही संगती उलगडावयाची तर तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. पती-पत्नींमधील संभाषण न्यायालयात उघड करता येते काय, हा पहिला. आडमार्गाने मिळविलेला पुरावा न्यायालय स्वीकारते काय, हा दुसरा. आणि जी माहिती एकापाशी नाहीच, ती न्यायालयाच्या बळावर दुसऱ्याकडून काढून घेता येते काय, हा तिसरा. लोकांच्या बोलण्यात या तिन्हींची गल्लत होते आणि तीतूनच पुष्कळसे गैरसमज जन्म घेतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांहून जुने आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुराव्याचा कायदा १८७२ मध्ये अमलात आला. त्याच्या १२२ व्या कलमाने वैवाहिक संभाषणाला संरक्षण दिले. विवाहित असताना एकाने दुसऱ्याला जे सांगितले, ते उघड करण्याची सक्ती ऐकणाऱ्यावर करता येत नाही. इतकेच नव्हे, तर सांगणाऱ्याची संमती नसेल, तर ऐकणाऱ्याला ते स्वेच्छेनेही उघड करता येत नाही. विवाह संपुष्टात आला, तरी हे बंधन उरते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असून, हीच तरतूद आता त्याच्या १२८ व्या कलमात आहे.

या संरक्षणाची मर्यादा न्यायालयांनी बारकाईने आखली आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या उत्तर प्रदेशातील एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या पत्नीची साक्ष होती. पहाटेच्या वेळी नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला आणि नंतर त्याने स्नान केले, हे तिने पाहिले होते. दागिन्यांविषयी तो तिच्याशी काही बोललाही होता. त्याने काय केले हे ती सांगू शकते, तो काय बोलला हे मात्र सांगू शकत नाही, असा भेद न्यायालयाने केला. १९६८ मध्ये केरळातील एका प्रकरणात पतीने पत्नीला लिहिलेल्या पत्रांत सासऱ्याची निंदा होती आणि पत्नीने ती पत्रे आपल्या वडिलांच्या हवाली केली होती. सासऱ्याने अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तेव्हा न्यायालयाने म्हटले की, पत्नीच्या मुखाने ती पत्रे शाबीत करता येणार नाहीत. पण त्रयस्थाच्या हाती गेलेले पत्र अन्य मार्गाने शाबीत होत असेल, तर हे कलम त्याच्या आड येत नाही.

याच कलमात आरंभापासून दोन अपवाद आहेत. दावा खुद्द पती-पत्नींमध्येच असेल, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असेल, तर हे संरक्षण लागू होत नाही. याचे कारण उघड आहे. नवरा-बायकोंच्या विश्वासाच्या बोलण्याचा बाहेरच्या माणसाने लाभ उठवू नये, यासाठी कायद्याने त्याभोवती कुंपण घातले. परंतु त्या दोघांतच वाद उपस्थित झाला, तर तेच कुंपण छळ करणाऱ्याची ढाल होईल. छळाचे शब्द बहुधा चार भिंतींच्या आत उच्चारले जातात आणि त्यांना तिसरा साक्षीदार नसतो. ते शब्द ज्याने ऐकले त्याच्याच तोंडाला कुलूप घातले, तर क्रूरता शाबीत कशी व्हावी? २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या अपवादावरच भर दिला. हे कलम विवाहसंस्थेच्या पावित्र्यासाठी घातले गेले, एका जोडीदाराचा खासगीपणा दुसऱ्यापासून राखण्यासाठी नव्हे, असा त्याचा अर्थ न्यायालयाने लावला.

दुसरा प्रश्न पुराव्याच्या मार्गाचा. अमेरिकेत पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळविलेला पुरावा सामान्यतः वगळला जातो. भारतीय न्यायालयांनी इंग्लंडची परंपरा स्वीकारली. पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो वादाशी संबद्ध आहे काय, हे ती आधी पाहतात. या विषयातील दोन मोठे निर्णय मुंबईच्या खटल्यांतून आलेले आहेत. महानगरपालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ केल्याच्या खटल्यात खोलीत लपविलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राने टिपलेले संभाषण सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मान्य केले. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरविरुद्धच्या लाचेच्या खटल्यात दूरध्वनीवरील संभाषण पोलिसांनी मुद्रित केले होते. १९७२ मध्ये तेही ग्राह्य ठरले. निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीत कोणी अनाठायी ढवळाढवळ केली, तर न्यायालये त्याला संरक्षण देतील. मात्र हे संरक्षण अपराध्याच्या सोयीसाठी नाही, असे त्या वेळी सांगितले गेले.

हे दोन्ही निर्णय ज्या काळातील आहेत, त्या काळात खासगीपणा हा मूलभूत अधिकार म्हणून प्रस्थापित झालेला नव्हता. १९५४ आणि १९६२ च्या दोन निर्णयांत राज्यघटनेत तसा अधिकार नाही, असेच सुचविले गेले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निराळा कौल दिला. जीवित व स्वातंत्र्य यांची हमी देणाऱ्या २१ व्या अनुच्छेदातच खासगीपणाचा अधिकार अंतर्भूत आहे, हे त्या दिवशी निश्चित झाले.

त्याचे पडसाद कौटुंबिक दाव्यांत उमटणे अपरिहार्य होते. छत्तीसगडच्याच महासमुंद येथील एका प्रकरणात पत्नीने पोटगीसाठी अर्ज केला होता. तिच्या नकळत मुद्रित केलेले दूरध्वनीवरील संभाषण पुढे ठेवून तिची पुन्हा उलटतपासणी घेण्याची मुभा पतीला कुटुंब न्यायालयाने २०२१ मध्ये दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. पत्नीच्या नकळत तिचे बोलणे टिपणे हा २१ व्या अनुच्छेदाखालील तिच्या अधिकाराचा भंग आहे, हे त्याचे कारण होते. अन्य काही उच्च न्यायालयांनी मात्र असा पुरावा स्वीकारला होता. प्रांतागणिक निराळा न्याय होऊ लागला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला हा तिढा सोडवावा लागला. २०२५ च्या निर्णयाने महासमुंदच्या प्रकरणात स्वीकारलेली भूमिका मागे पडली, असेच म्हटले पाहिजे. न्यायालयात आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळणे हाही २१ व्या अनुच्छेदाचाच भाग आहे. खासगीपणासाठी ती संधी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे पडले. असा पुरावा घेतल्याने घरोघर हेरगिरी सुरू होईल, या आक्षेपालाही त्याने उत्तर दिले. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले, याचा अर्थ तो संसार आधीच मोडकळीस आलेला आहे, असे ते उत्तर होते.

आता तिसरा प्रश्न, आणि दुर्गच्या दाव्याचे मर्म येथेच आहे. भटिंड्याच्या पतीपाशी पुरावा होता आणि तो पुरावा दोघांच्या परस्पर संभाषणाचा होता. म्हणजे त्या संभाषणाचा तो स्वतः एक पक्ष होता. दुर्गच्या पतीपाशी काही नव्हते; होता तो संशय. पत्नी इतर माणसांशी काय बोलते याची नोंद शासनाच्या हाताने काढून घेऊन, तीत काही सापडते काय, हे त्याला पाहावयाचे होते. घटस्फोटाचा अर्ज क्रूरतेच्या कारणावर होता आणि मागितलेल्या यादीचा त्या कारणाशी संबंध काय, हे त्याने स्पष्ट केले नव्हते. जवळचा कागद न्यायाधीशांपुढे ठेवणे आणि कागद सापडेल या आशेने दुसऱ्याचे कपाट फोडण्यासाठी न्यायालयाचा हुकूम मागणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या मागणीत न्यायालय पुरावा तोलते. दुसऱ्या मागणीत ते एका नागरिकाच्या खासगीपणावर स्वतःच घाला घालू लागते. त्यासाठी सबळ आणि नेमके कारण दाखविल्यावाचून त्याने हात उचलू नये, हे पुट्टस्वामी निर्णयाशी सुसंगतच आहे. यास्तव सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरही दुर्गच्या निर्णयाचे बळ कमी होत नाही. पत्नीने पतीच्या फोनची यादी मागितली, तरी कसोटी हीच राहील.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पुरावा ग्राह्य ठरला, म्हणजे तो मिळविण्याची कृती निर्दोष ठरली, असे मुळीच नाही. दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवाना शिरून माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली कारवाईस पात्र ठरू शकते. दूरध्वनीच्या नोंदी तर खासगी माणसाला विकत घेता येतच नाहीत. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा या व्यवहाराची व्याप्ती महाराष्ट्राला कळली. ज्याच्या हातात असा कागद आहे, त्याचा दावा कदाचित बळकट होईल. पण त्याच कागदापायी तो स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा राहील.

शिवाय, पुरावा ग्राह्य ठरला म्हणजे तो खरा मानला गेला, असेही नव्हे. आवाज कोणाचा आहे, संभाषणात काटछाट झाली आहे काय, मागचा-पुढचा संदर्भ गाळला आहे काय, हे सारे तपासावे लागते. यंत्राद्वारे साठविलेल्या पुराव्यासोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. नव्या अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्याची तरतूद आहे. या प्रमाणपत्राची आवश्यकता ज्या खटल्यात पक्की झाली, तो जालन्याच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीचा आहे. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले की काय, हे चित्रमुद्रणावरून ठरावयाचे होते. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. निवडणुकीतील तो नियम आता मोडक्या संसाराच्या दाव्यातही पाहिला जातो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे १४ वे कलम मात्र वाद मिटविण्यास उपयोगी वाटेल तो कागद, एरवी तो पुराव्यात न बसणारा असला, तरी पाहण्याची मुभा न्यायाधीशाला देते. कागद पाहण्याची ही मुभा असली, तरी त्याला किती वजन द्यावयाचे, हा निर्णय न्यायाधीशाचाच राहतो.

संसारातील बोलणे न्यायालयात आले, तरी ते चव्हाट्यावर यावे, अशी कायद्याची इच्छा नाही. कुटुंब न्यायालयात दोहोंपैकी एकाने जरी मागणी केली, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमानुसार अशा कामकाजाचा वृत्तांत छापणे हा दंडनीय अपराध आहे. या दोन्ही तरतुदी फारशा कोणाला ठाऊक नसतात. ज्या स्त्रीला किंवा पुरुषाला आपले शब्द परक्यांपुढे वाजविले जातील या कल्पनेने धास्ती वाटते, त्यांनी आपल्या वकिलामार्फत बंद दाराची मागणी पहिल्याच तारखेला करावी, यात पुष्कळ हित आहे.

ग्राह्यतेचा हा नियम स्त्री-पुरुषांना सारखाच लागू आहे. तथापि नियम सारखा असला, तरी साधने सारखी नसतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच होता. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पतीच्या खिशात आहे, तेथे ध्वनिमुद्रण करणारा कोण आणि ज्याचे बोलणे टिपले जाईल तो कोण, हे सांगावयास नको. ज्याच्या हाती यंत्र असते, तो स्वतः संयमाने बोलतो आणि समोरच्याला चिडवून बोलते करतो, हाही धोका आहेच. उलटपक्षी, मारहाण सोसणाऱ्या आणि कोणी विश्वास न ठेवणाऱ्या स्त्रीजवळ फोनमध्ये टिपलेली एखादी धमकी एवढाच आधार असू शकतो. असा पुरावा सरसकट नाकारला असता, तर या स्त्रीचा आवाज पुन्हा चार भिंतींत कोंडला गेला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचे समर्थन याच जागी सर्वांत सबळ ठरते; आणि कनिष्ठ न्यायाधीशांच्या दक्षतेची सर्वांत अधिक गरजही याच जागी लागते. मुद्रण कोणी केले, कोणत्या प्रसंगी केले, त्यात नैसर्गिक बोलणे किती आणि मुद्दाम काढून घेतलेले किती, हे विचारल्यावाचून ध्वनिफितीचा अर्थ लावणे न्यायाचे होणार नाही.

तात्पर्य, आज कायदा ज्या ठिकाणी उभा आहे ते असे: पती-पत्नींच्या आपसातील दाव्यात, त्यांच्या परस्पर संभाषणाचा जवळ असलेला पुरावा केवळ चोरून टिपला म्हणून बाहेर ठेवला जात नाही, तो खरा व संबद्ध असल्याचे मात्र शाबीत करावे लागते. बाहेरच्या माणसाच्या दाव्यात वैवाहिक विश्वासाचे संरक्षण पूर्वीप्रमाणेच कायम आहे. आणि केवळ संशयावरून जोडीदाराचा फोन, परवलीचा शब्द किंवा नोंदी बळाने उघडण्याचा अधिकार विवाहाने कोणालाही मिळत नाही. भिलाईच्या वसाहतीतील घर असो की कोकणातील, वऱ्हाडातील एखादे घर असो, उंबरठ्याच्या आत गेलेल्या व्यक्तीची प्रतिष्ठा बाहेर ठेवून आत यावे, अशी अट आपल्या राज्यघटनेने कोठेही घातलेली नाही.